बारा गडी आणि दोन सात नंबर

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. विषय कबड्डीचा आहे, पण खरं दुखणं टीशर्टवरच्या नंबराचं आहे.

सातारा-सांगलीकडं कबड्डीचं वेड किती, हे मी सांगायला नको. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, आपल्या सांगली जिल्ह्याचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून टीव्हीवर चढाया मारताना दिसला आणि गावोगावच्या स्पर्धांची भाषाच बदलली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली की 'सुपर टॅकल'चा जादा गुण. शेंबडं पोरगंसुद्धा हे घडाघडा सांगतं. छानच आहे! नव्या नियमांना माझी अजिबात ना नाही.

पण पुस्तकात आधीपासून एक साधा नियम आहे. प्रत्येक खेळाडूच्या टीशर्टवर वेगळा नंबर पाहिजे; पुढे निदान ४ इंच, मागे निदान ६ इंच. हा मात्र कुणी टीव्हीवरून उचलला नाही. आमच्याकडच्या टीशर्टवर पुढे भावी आमदारांचा हसरा फोटो, मागे प्रायोजकाचं नाव आणि नंबर कुठं? शोधा म्हणजे सापडेल :-)

गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्पर्धेत बघितलं. एका संघात दोन सात नंबर. एक यंदाच्या सेटमधला, दुसरा राखीव गड्याच्या अंगावर, जुन्या सेटमधला. बदली म्हणून तो आत आला आणि गोंधळ सुरू. ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी आत येतो, पण कुणीही नाही. ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं आत. हा क्रम गुणलेखक नंबरावर लिहून ठेवतो. आता वहीत '७, ४, ७' असं लिहिलेलं असेल तर पहिला कोण आत येणार? अर्थात जो जास्त चांगला चढाईपटू आहे तो! समोरचा संघ ओरडतोय, पंच वही बघतायत आणि वहीत दोन्ही साती सारख्याच.

सामना संपल्यावर 'सात नंबर' च्या नावावर सगळे गुण एकत्र. आम्ही डेटाबेसवाले याला प्रायमरी की डुप्लिकेट होणं म्हणतो. असला कोड मी कंपनीत टाकला तर रात्री दोनला फोन येईल. इथं कुणाला काही वाटत नाही.

"अरे, पोरांना आम्ही चेहऱ्यानं ओळखतो की!" हे ठरलेलं उत्तर. ओळखता ना, मान्य. गावाला माहीत आहे, पण कागदाला नाही. आणि पुढं सगळं कागदावर चालतं. जिल्ह्याच्या संघात निवड, तिथून राज्य, मग सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातल्या पोराला ही शिडी किती मोठी आहे हे आपल्याला कळतं. त्या शिडीच्या पहिल्याच पायरीवर त्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाणार असतील, तर ते सुपर टॅकल काय चाटायचंय?

आता कुणी म्हणेल, एक नंबर दोघांना असला म्हणून काय बिघडतं? सांगलीच्या स्मृती मानधनाचा १८, विराटचाही १८. बरोबर, पण ते एका संघात मैदानावर उतरत नाहीत. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं बघा. तिथं एकेका संघात शंभरच्या वर पोरं, नंबर मात्र दोनच आकड्यांचे. पुरणार कसे? म्हणून त्यांनी नियमच केला: एक नंबर दोघांना चालेल, पण दोघं एकाच वेळी मैदानात नकोत. २०२० पासून तर एका नंबराला जास्तीत जास्त दोन खेळाडू ही मर्यादा घातली आणि शून्य नंबरही वापरायला दिला. त्यांचे नंबर खरंच संपले होते हो! आपल्याकडं सात आत, पाच राखीव, एकूण बारा. बारा गड्यांना बारा नंबर मिळत नाहीत?

माझं म्हणणं एवढंच:

१. नाव नोंदवताना नावापुढं नंबर लिहून घ्या. स्पर्धा संपेपर्यंत तो बदलायचा नाही.
२. टॉसच्या आधी पंचांनी नंबर तपासावेत. डुप्लिकेट असेल तर चिकटपट्टीनं नवा आकडा करा, नाहीतर गडी बाहेर.
३. वहीत नंबराबरोबर आडनावही लिहा.

याला मॅट लागत नाही, थर्ड अंपायर लागत नाही. एक चिकटपट्टी आणि थोडी लाज पुरते.

असो. यंदाच्या टीशर्टची ऑर्डर देणाऱ्या मंडळांनी भाऊंचा फोटो खुशाल टाकावा, आमची हरकत नाही. फक्त पाठ खेळाडूच्या नंबरासाठी सोडा राव!