पाटीवर नाव कोणाचं?

दहिसरला आमच्या शेजारी राहणारं जोडपं गेल्या रविवारी घराचा नकाशा घेऊन आलं. भाऊ बँकेतून निवृत्त, वहिनी महापालिकेच्या शाळेतून. कुडाळजवळ त्यांचं वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे. त्याच्या मागे तीन खोल्या वाढवायच्या आणि पर्यटकांसाठी ‘निवास व न्याहारी’ सुरू करायची, असा बेत. भाऊ एकेक खोली रंगवून सांगत होते. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, “ह्या वयात परत मीच रांधूचा?”

भाऊंना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. पण या बेताचा निकाल त्याच प्रश्नावर लागायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दहिसर-बोरिवलीत असे बेत घरोघरी शिजतात. गिरगाव-लालबागच्या चाळींतून इकडे आलेल्या कोकणी कुटुंबांची गावची घरं गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपातच असतात. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. ऑगस्ट 2024 पासून वांद्रे-मडगाव गाडी बोरिवलीला थांबते, त्यामुळे गावी जायला दादर किंवा ठाणं गाठायची सक्ती उरली नाही. हाती फंडाचे पैसे असतात, मुलं आपापल्या संसारात असतात. बंद घर पुन्हा नांदतं व्हावं ही ओढ खरी आहे आणि सुंदरही.

अडचणी ठाऊक असलेल्याच आहेत. सातबाऱ्यावर चुलतभावांची नावं असतील तर आधी त्यांची संमती हवी. ग्रामपंचायतीचे कागद हवेत. बांधकाम पावसाच्या आत उरकायला हवं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-न्हाणीघर हवं. विहिरीचं पाणी एप्रिल-मेपर्यंत पुरतं का, हे एक उन्हाळा राहून पाहायला हवं. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे जड नाही.

जड आहे ती रोजची सकाळ. केंद्र सरकारच्या योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घराला मान्यता मिळते, पण मालकाचं कुटुंब तिथेच राहणारं हवं. ही अट मला फार मोलाची वाटते. खोल्या बांधून, राखणदार नेमून दहिसरला परतलं की तयार होतं ते लॉज. पाहुणा येतो तो नांदत्या घरात. आणि घर नांदतं ठेवायचं म्हणजे कुणीतरी पहाटे उठायचं. घावणे आदल्या रात्री करून ठेवता येत नाहीत. तव्यावरून एकेक उतरतो आणि गरमच खायचा असतो. पाहुणे जेवढा वेळ खात बसतील, तेवढा वेळ कुणीतरी चुलीपाशी उभं असतं. ते ‘कुणीतरी’ नेहमी बाईच का असावं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 मध्ये कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. पुढे समुद्राकडे जाणारी पिल्लं पाहायला माणसं येऊ लागली आणि गावकऱ्यांनी त्यांना आपल्याच घरांत उतरवून घेतलं. मोठ्या हॉटेलाशिवाय गावात पर्यटन उभं राहिलं, ते घरच्या जेवणाच्या जोरावर. त्या जेवणामागे घरोघरच्या बायकांचे हात आहेत. पाहुण्याला खोलीपेक्षा आधी आठवतं ते जेवण. मग जिच्या हाताला मागणी, तिच्या नावावर धंदा का नको?

राज्याच्या ‘आई’ या महिला केंद्रित पर्यटन धोरणाने 2023 पासून याला बळ दिलं आहे. व्यवसाय स्त्रीच्या मालकीचा असेल, तीच तो चालवत असेल आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेला असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, बारा टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत करतं. ही सवलत सात वर्षांपर्यंत किंवा साडेचार लाख रुपयांपर्यंत मिळते. हप्ते मात्र वेळेवर भरायला हवेत. पण सवलतीसाठी कागदावर बायकोचं नाव आणि व्यवहार नवऱ्याच्या हाती, असं झालं तर ती तिच्याच नावाने केलेली फसवणूक ठरेल.

म्हणून भाऊंना आणि त्यांच्यासारखा बेत करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. पहिली कुदळ पडण्याआधी कामांची वाटणी लिहून काढा. चादरी कोण धुणार, भांडी कोण घासणार, बाजार कोण करणार, पाहुण्याला ‘आज जागा नाही’ असं कोण सांगणार. गावातल्या दोघीतिघींना योग्य पगारावर मदतीला घ्या, तो पगार पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. आठवड्यात एक दिवस घर बंद ठेवा. बँकेचं खातं वहिनींच्या नावावर काढा आणि दर कधी वाढवायचा, हे त्यांनाच ठरवू द्या.

आणि भाऊ, या पावसाळ्यात दहिसरच्याच स्वयंपाकघरात घावणे घालायला शिका. जाळी पडेपर्यंत हात बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही द्यायला तयार असाल, तर खोल्या जरूर बांधा.