उसना गोलरक्षक

उसनवारी हा शब्द आपल्या घरांतून फारसा मानाचा नाही. वाटीभर साखर शेजारून आणली तर परत करताना वाटी रिकामी द्यायची नाही, ही त्या व्यवहारातली एकमेव सुंदर रीत. एरवी उसने घेणे म्हणजे कमीपणा. शेतकऱ्याला मात्र उसनवारीची लाज वाटत नाही. आपल्या नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांत ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो आणि दोघांची पेरणी वेळेवर होते. बैल ज्याचा त्याचाच राहतो. दोन दिवस इकडे राबतो, दोन दिवस तिकडे, आणि वापसा जायच्या आत दोन्ही शिवारे पेरून होतात.

फुटबॉलमध्ये खेळाडूंची अशीच सावड चालते. एका क्लबाने करारबद्ध केलेला तरुण खेळाडू सहा महिने किंवा वर्षभरासाठी दुसऱ्या क्लबाला वापरायला द्यायचा. करार मूळ क्लबाशीच राहतो, पगार दोघे वाटून घेतात किंवा घेणारा देतो, मुदत संपली की पोरगा परत. इंग्रजीत याला सरळ 'लोन'च म्हणतात. तीस-पस्तीस वर्षे कर्जाच्या फायली हाताळलेल्या माझ्यासारख्याचे कान या शब्दाला टवकारणारच. मुद्दल कोणाचे, व्याज कोणाला, तारण काय आणि बुडीत गेले तर जबाबदार कोण, हे प्रश्न मला फुटबॉल पाहतानाही सोडत नाहीत.

या साऱ्या उसनवारीत गोलरक्षकाची गोष्ट सर्वांत निराळी. मैदानात दहा जागा इतरांच्या, एक त्याची. बचावफळीतला तरुण कधी डावीकडे, कधी उजवीकडे खपून जातो. पुढच्या फळीतल्याला शेवटची वीस मिनिटे मिळतात. गोलरक्षक मात्र दुखापत किंवा लाल कार्ड असल्याखेरीज बदलला जात नाही. म्हणजे संघात तीन गोलरक्षक असले तर दोघे महिनोन् महिने सरावात चेंडू अडवतात आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसून टाळ्या वाजवतात. सरावात अडवलेला चेंडू आणि सामन्यात अडवलेला चेंडू यांत काय फरक असतो ते कोणत्याही बँकेच्या रोखपालाला विचारा. प्रशिक्षण केंद्रात खोट्या नोटांच्या गड्ड्या मोजणे वेगळे आणि बाजाराच्या दिवशी काउंटरसमोर रांग असताना मोजणे वेगळे. शिवाय पुढचा खेळाडू पाच संधी दवडून एक गोल करतो तेव्हा तो वीर ठरतो. गोलरक्षकाने नऊ अडवले आणि दहावा हातातून निसटला, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो दहावाच छापून येतो. हे सोसायची सवय बाकावर बसून लागत नाही.

महाराष्ट्राशी जवळचे म्हणावे असे याचे उदाहरण अमरिंदर सिंगचे. १९९३ साली जन्मलेला हा मुलगा पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या माहिलपूरचा. फुटबॉलचे वेड अंगी मुरलेले ते गाव. पण त्याचे व्यावसायिक शिक्षण झाले ते पुण्यात, पुणे एफसीमध्ये. २००७ साली स्थापन झालेला हा क्लब काही वर्षांतच देशातल्या नीटनेटक्या क्लबांपैकी एक म्हणून ओळखला जाऊ लागला. सुब्रत पालसारखा भारताचा गोलरक्षक काही काळ त्याच्याकडे होता. अशा ठिकाणी नवख्या पोराने आधी वाट पाहायला शिकायचे असते.

पुढची काही वर्षे मात्र या पोराला एका जागी बसायला सवडच मिळाली नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिले तीन हंगाम ती दिवाळीच्या आगेमागे तीनेक महिने चाले आणि जुनी आय-लीग त्यानंतर, जानेवारीपासून. एकाच वर्षात दोन धनी, अशी ती विलक्षण व्यवस्था. अमरिंदर २०१५ ला कोलकात्याच्या ॲटलेटिको संघाकडून खेळला. २०१६ उजाडले तेव्हा तो बेंगळूरु एफसीकडे होता. त्या संघाने त्या मोसमात आय-लीग जिंकली, आणि आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकाच्या अंतिम फेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी दोहा येथे इराकच्या हवाई दलाच्या क्लबाशी अंतिम सामना होता. मात्र इथवर गोल सांभाळत आलेला अमरिंदर त्या दिवशी मैदानात नव्हता. पिवळ्या कार्डांमुळे त्याच्यावर बंदी आली होती. बेंगळूरु एका गोलने हरले. तेवीस वर्षांच्या मुलाने प्रेक्षकांत बसून तो गोल कसा पाहिला असेल, याची कल्पना करावी.

पण उसनवारीची खरी गंमत इथून पुढे. त्याच महिन्यात तो बेंगळूरुकडून उसना म्हणून मुंबई सिटीकडे आला. सुपर लीगचा हंगाम निम्म्याहून अधिक सरला होता. त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले, पण त्यांत त्याने इतके कमी गोल दिले की हंगामाअखेर सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा 'गोल्डन ग्लोव्ह' त्याच्याच हातात पडला. साखळीत मुंबई पहिली आली. उपांत्य फेरीत कोलकात्याने तिला बाहेर काढले. २०१७ मध्ये तो भारताच्या संघात आला, आणि त्याच वर्षी मुंबईने या उसन्या गोलरक्षकाला कायमचे ठेवून घेतले. आणलेली वाटी परत द्यायचीच नाही, असे शेजारणीला कधी कधी वाटतेच की! १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबई सिटीने पहिल्यांदा सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हा कप्तान अमरिंदर होता.

परक्या देशांत हा मार्ग अधिक रुळलेला. इंग्लंडचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड सन्डरलँडचा. २०१२ ते २०१६ या काळात त्याला डार्लिंग्टन, आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड आणि प्रेस्टन अशा सहा ठिकाणी उसने पाठवले गेले. पहिली दोन नावे आपल्याकडच्या वाचकाला माहीत असण्याचे कारणच नाही. आपला नेवासे-शेवगाव जसा लंडनच्या वाचकाला माहीत नसतो तसेच. मात्र तिथे समोर येणारा आडदांड सेंटर फॉरवर्ड पोराचे वय विचारत नाही; खांदा मारतो. तिथून तो पायरी पायरीने वर चढला आणि २०१८ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध त्याने पेनल्टी अडवली. विश्वचषकात इंग्लंडने पेनल्ट्यांवर सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्याच संघातला राखीव गोलरक्षक निक पोप तर खालच्या दर्जाच्या क्लबांतून खेळत असताना पहाटे दूध टाकायचा. संगमनेर-राहात्याच्या दूधवाल्या पोरांनी हे लक्षात ठेवावे.

बेल्जियमच्या थिबो कोर्त्वाची गोष्ट कर्जदात्यांनी वाचण्यासारखी आहे. चेल्सीने २०११ मध्ये त्याला विकत घेतले आणि लगेच माद्रिदच्या ॲटलेटिकोला उसने दिले. तीन वर्षे तो तिथेच राहिला आणि स्पेनची साखळीही जिंकला. २०१४ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत नेमकी चेल्सीचीच गाठ ॲटलेटिकोशी पडली. आमच्या मुलाला आमच्याविरुद्ध खेळवायचे तर वेगळे पैसे मोजा, असे कलम करारात होते. युरोपीय संघटनेने ते कलम चालणार नाही असे बजावले. कोर्त्वा खेळला आणि चेल्सी आपल्या घरच्या मैदानावर ३-१ अशी हरली. त्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला घाईघाईने परत बोलावले, हे सांगायला नकोच.

अर्थात याच चेल्सीसारख्या श्रीमंत क्लबांनी उसनवारीचा धंदाही मांडला होता. डझनावारी पोरे गोळा करायची, गावोगाव पेरायची, भाव चढला की विकायची. जागतिक संघटना फिफाने १ जुलै २०२२ पासून त्याला वेसण घातली. उसनवारी जास्तीत जास्त एका वर्षाची. उसना घेतलेला खेळाडू तिसऱ्याला पुन्हा उसना द्यायचा नाही. आणि एका क्लबाने बाहेर देण्याच्या खेळाडूंची संख्या पायरीपायरीने उतरवत २०२४ पासून सहावर. एकवीस वर्षांपर्यंतच्या, क्लबाने स्वतः घडवलेल्या मुलांना या मर्यादेतून सूट आहे. नियम वाचताना मला आमची परिपत्रके आठवली. पोटकर्ज देऊ नये, मुदत ओलांडू नये. माणसाच्या बाबतीत हे लिहून ठेवावे लागले, यात बरेच काही आले.

नगरच्या वाचकाला वाटेल, आपला काय संबंध? लष्करी छावणीमुळे या शहराला फुटबॉल परका नाही, हे तर आहेच. पण मला आठवतो तो श्रीरामपूरचा झहीर खान. खेळ वेगळा, वाट मात्र हीच. श्रीरामपूरहून मुंबई, मुंबईहून वेगवान गोलंदाजी शिकायला चेन्नई. मुंबईच्या संघात जागा होईना म्हणून तो बडोद्याकडून रणजी खेळला आणि २०००-०१ मध्ये बडोद्याला विजेतेपद मिळवून द्यायला पुढे होता. पुढे भारताच्या संघातून वगळला गेला तेव्हा, २००६ मध्ये, तो इंग्लंडच्या वूस्टरशायर काउंटीत गेला. नाव झालेला माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या संघासाठी रोज गोलंदाजी करीत राहिला, ७८ बळी घेतले, आणि वर्ष संपायच्या आत भारताच्या संघात परतला. कायद्याच्या भाषेत याला लोन म्हणत नाहीत. श्रीरामपूरच्या पारावर मात्र त्याला 'बाहेरचे पाणी पिऊन येणे' म्हणतील, आणि ते जास्त बरोबर आहे.

आमच्या नोकरीतही ग्रामीण शाखेत काढलेल्या वर्षांशिवाय वरची बढती नसे. शहरातल्या मोठ्या शाखेत अधिकारी एका टेबलापुरता. तालुक्याच्या शाखेत तिजोरीची किल्ली, पीककर्ज, भांडलेले भाऊ आणि बंद पडलेला जनरेटर, सारे त्याच्याच अंगावर. पण मागे बँक होती. दोन-तीन वर्षांनी आपल्याला परत बोलावले जाणार ही खात्री होती, आणि पगार पहिल्या तारखेला होत होता. उसनवारीचा सारा शहाणपणा या एका खात्रीवर उभा आहे.

तीच आपल्या फुटबॉलमध्ये नाही. ज्या पुणे एफसीत अमरिंदर घडला, त्याचा वरिष्ठ संघ २०१५ च्या मोसमानंतर उभा राहिला नाही. त्याची अकादमी ज्या एफसी पुणे सिटीने घेतली, तो क्लब २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पुण्याच्याच भारत एफसीने आय-लीगमध्ये एकच हंगाम पाहिला. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर दिसले नाहीत. चार-पाच वर्षांत एका राज्यातले पाच क्लब! सहकारी बँका बुडताना आपण पाहिल्या आहेत. ठेवीदारांचे निदान मोर्चे निघतात. सतरा वर्षांच्या गोलरक्षकाची या क्लबांत चार वर्षांची ठेव होती, आणि तिला विमा नव्हता. जुलै २०२५ मध्ये तर खुद्द सुपर लीगचाच पुढचा हंगाम संघटना आणि आयोजक यांच्यातल्या करारापायी स्थगित ठेवल्याचे जाहीर झाले. अमरिंदर निभावला, कारण त्याला दर वेळी कोणीतरी मैदानावर उभे करीत होते. बाकावरच्या मुलांचे काय झाले, हे कोणी मोजले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की महाराष्ट्रात ही सावड राज्याच्या आतच आधी बसवावी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा तालमींचे सामने पाहायला लोटणारी गर्दी ज्याने पाहिली असेल, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. गोलामागच्या कठड्यावरून पेठेतली पोरे नव्वद मिनिटे जे ऐकवतात, ते कोणत्याही अकादमीच्या अभ्यासक्रमात नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मुंबईतल्या व्यावसायिक क्लबांचा तिसरा गोलरक्षक वर्षभर बाकावर कुजण्यापेक्षा इथे एक मोसम का उभा राहू नये? नोंदणीच्या अडचणी आहेत, पण त्या कागदाच्या आहेत. कागद माणसांनीच केलेले असतात. राज्य संघटनेला एका बैठकीत सुटण्यासारख्या.

जागा बदलल्याने काय होते ते गोव्याने दाखवले आहे. त्याच २०१७ च्या विश्वचषकातला आपला गोलरक्षक धीरज सिंग मणिपूरचा. त्यानंतर तो केरळ आणि कोलकात्यात फिरला, पण पाय रोवता आले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये तो एफसी गोवाकडे आला. ही उसनवारी नव्हे, सरळ बदली होती. तीन महिन्यांनी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये त्याच्यापुढे कतारचा अल रय्यान आला, मग अमिरातीचा अल वाहदा. दोन्ही सामने ०-० सुटले. इराणच्या पर्सेपोलिसकडून गोवा हरले, पण त्यातही वीस वर्षांच्या या पोराने एक पेनल्टी अडवली. आदल्या वर्षी त्याला कोणी विचारत नव्हते.

आता सुट्ट्यांत जिल्ह्यातल्या मैदानांवर निवड चाचण्या भरतील. अकादमीवाले येतील, रंगीत पत्रके वाटतील, आणि सहा फुटी पोराच्या बापाला सांगतील की मुलाला आमच्याकडे द्या. बापाने वसतिगृह पाहावे, शाळेचे विचारावे, ते सारे करावेच. पण मुलगा गोलरक्षक असेल तर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे कागदावर घ्यावीत. त्याच्या पुढे त्या क्लबात किती गोलरक्षक आहेत? वर्षभरात त्याला खरे सामने किती मिळतील, आणि इथे मिळत नसतील तर कोणत्या क्लबाकडे, किती मुदतीसाठी पाठवाल? आणि तो परत येईल तेव्हा तुम्ही जागेवर असाल ना?