बाळाच्या हाती बोर

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे बोरन्हाणाचे दिवस. या आठवड्यात आमच्या इमारतीत एक झालं. बाळ दहा महिन्यांचं. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले, मोठी मुलं लुटायला धावली आणि बाळानं पुढ्यातलं बोर उचलून तोंडाशी नेलं. आईनं ते चटकन काढून घेतलं, तर चारजणी तिलाच समजावू लागल्या, "अगं, असू दे. आमच्या वेळी असंच होतं, कुणाला काही झालं नाही."

या वाक्याचा मला किती राग येतो, हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. हेल्मेटपासून उकळलेल्या पाण्यापर्यंत सगळीकडे ते भेटतं. इथे तर ते खरंही नाही. 'आमच्या वेळी' घरातल्या आज्या सफरचंद चमच्यानं खरवडून भरवायच्या. सीताफळाचा गर कुस्करून एकेक बी वेगळी करायच्या. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, ती घशात रुतते, म्हणून चिकू स्वतः फोडून बघितल्याशिवाय बाळाला द्यायच्या नाहीत. कुणाला काही झालं नाही, ते या बायकांनी होऊ दिलं नाही म्हणून. त्यांचे कष्ट विसरायचे आणि त्यांचंच नाव सांगून आजच्या आईला गप्प करायचं, हे मला सहन होत नाही.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होतं. पुढचे दात तुकडा तोडतात, पण तो बारीक करणाऱ्या दाढा वर्ष-दीड वर्षाच्या सुमाराला येतात. म्हणून गोल, टणक, निसरडं काही नको. केळं, पपई, पिकला आंबा यांच्या मुठीत धरता येतील अशा लांब फोडी द्या. नवव्या महिन्याच्या आसपास चिमूट जमू लागली की तुकडे लहान करा. सफरचंद वाफवा किंवा किसा. द्राक्ष उभं चिरून चार फाका करा. आडवं चिरलं तर तुकडा गोलच राहतो. फोड दोन बोटांत दाबून चिरडली, तरच ती बाळाची.

चिरून दिलं की काम संपलं, असं मात्र नाही. बाळ ताठ बसलेलं हवं आणि समोर कुणीतरी बसलेलं हवं. ठसका लागलेलं बाळ खोकतं, आवाज करतं. त्याला खोकू द्यावं. श्वासनलिका पूर्ण बंद झाली तर आवाजच येत नाही, स्वयंपाकघरातल्या माणसाला काही कळतच नाही. आणि अशा वेळी आपण सगळे पहिल्यांदा काय करतो? तोंडात बोट घालतो! न दिसणारा तुकडा त्यानं आणखी आत जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं, दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा द्यायच्या. तुकडा निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब द्यायचे. हे आळीपाळीनं चालू ठेवायचं आणि दुसऱ्यानं 108 लावायचा.

बारशाला पाळणा कसा सजवायचा ते घरातल्या सगळ्यांना येतं, हे मात्र एकट्या आईनं शिकावं अशी अपेक्षा असते. पुढच्या लसीला जाताना आजोबांना, काकाला, बाळ सांभाळणाऱ्या ताईंना सोबत न्या. डॉक्टरांना हे करून दाखवायला सांगा, आणि प्रत्येकानं बाहुलीवर एकदा स्वतः करून बघा.