शिलाई-कारखान्याचा हिशेब

बंगळूरच्या पीनिया, बोम्मनहळ्ळी या भागांत तयार कपड्यांचे अनेक कारखाने आहेत. अशा लहान कारखान्याच्या चालकाने कारभारासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे?

याच शहरात, कापडगिरण्यांना माल पुरविणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना; तेव्हा त्यांचे पुत्र भरत यांनी ते स्वतःच रचले. पितापुत्रांनी १९८६ साली आरंभिलेल्या त्या उद्योगातूनच पुढे ‘टॅली’ देशभर पोहोचले. आधी गरज ओळखावी, मग साधन शोधावे, हाच त्यातला बोध.

कपड्यांच्या धंद्याची गरज निराळी आहे. एकच सदरा ४ रंगांत व ५ मापांत शिवावयाचा, तर त्याचे २० प्रकार होतात. ‘सदरे, १,०००’ एवढीच नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर मोठ्या मापाचे निळे सदरे कमी पडल्याचे सांगणार नाही. मग माल अपुरा जातो, पैसे अडकतात आणि कामगारांचे पगार लांबतात. धुलाईस वा भरतकामास बाहेर दिलेल्या मालाचीही तारीखवार नोंद हवी. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार तो सामान्यतः वर्षाच्या आत परत यावा लागतो.

म्हणून विक्रेत्याच्या तयार प्रात्यक्षिकाला भुलू नये. आपलीच एखादी जुनी ऑर्डर, कापडखरेदीपासून रवानगीपर्यंत, त्याच्यासमोर भरून पाहावी. कटिंग मास्तरांना शेजारी बसवावे. रोजच्या नोंदी त्यांच्याच कामातून व्हावयाच्या असतात. पुढेमागे सॉफ्टवेअर बदलल्यास आपल्या नोंदी आपल्या हाती येतील, हे लेखी घ्यावे. आणि दोन महिने ताळा जुळेपर्यंत जुनी वही मिटू नये.