जिंकलेल्याची दरखास्त

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पण दावा जिंकून पायरी उतरणाऱ्याचे पुढे काय होते, हे कुणी सांगत नाही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र 1872 मध्येच म्हणून ठेवले, की हिंदुस्थानातल्या दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावरच सुरू होतात. साहेब गेला, अडचणी राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सगळ्या उच्च न्यायालयांकडून माहिती मागवली, तेव्हा देशभर आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे दिसले.

बँकेत काही वर्षे वसुलीचे टेबल माझ्याकडे होते. निकाल आपल्या बाजूने लागला, की नव्या कारकुनाला पेढे वाटावेसे वाटत. जुने हेडक्लार्क नुसते हसत. आता अपील, मग स्थगिती! बँकेचे एक वेळ ठीक आहे, तिला हजार खाती. पण फर्निचर करून देऊन बिलासाठी भांडलेल्या सुताराने स्थगितीचा कागद लाकूडवाल्याला दाखवायचा का?

स्थगिती मुळात वाईट नव्हे. खालच्या कोर्टाचा निकाल चुकू शकतो. पैसे देऊन बसल्यावर अपील जिंकले, तर ते परत आणायचे कुठून? म्हणून तर दिवाणी प्रक्रिया संहितेने मधला मार्ग काढला आहे. नुसते अपील केल्याने वसुली थांबत नाही. मोठे नुकसान होईल हे दाखवावे लागते, विनाविलंब यावे लागते, तारण द्यावे लागते. आणि हुकूमनामा पैशाचा असेल, तर रक्कम कोर्टात भरायला सांगता येते.

ही भरलेली रक्कम पुष्कळदा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून येते. अशा पावत्या मी हाताळल्या आहेत. निकाल लागेपर्यंत पैसा ना याचा ना त्याचा. व्याज मात्र इमानाने चढत राहते. एक गंमत पाहिली. जिथे अशी ठेव असे, तिथे अपील लवकर चालावे अशी घाई दोघांनाही असे. नुसती स्थगिती असली, की घाई एकट्या जिंकलेल्याला.

चालू खटल्यांवरची स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले होते. 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरवले. बरेच झाले. कोर्टाला वेळ नाही, याची शिक्षा पक्षकाराला कशासाठी?

माझे म्हणणे साधे आहे. ऐपत असलेल्याने आधी पूर्ण रक्कम भरावी, मगच स्थगिती मागावी. नसलेल्याकडून जामीन घ्यावा. आणि जिंकलेला लहान माणूस असेल, तर त्याला हमीवर निम्मी रक्कम उचलू द्यावी. त्यासाठी नवा कायदा नको. न्यायाधीशांना हे अधिकार आजही आहेत.