भरतीची धाव आणि पायाचे हाड

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटेच पोरे धावू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सेकंदासेकंदावर गुण. थंडावलेला सराव आठवड्यात तिप्पट होतो आणि महिन्याच्या आत कुणी ना कुणी लंगडू लागतो. ‘नस चढली असेल’ म्हणत बाम चोळला जातो, वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा रस्ता.

पुष्कळदा ती नस नसते. बोटांमागच्या लांब हाडांपैकी एकाला, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्याला, बारीक तडा गेलेला असतो. सैनिकांचे असे सुजलेले पाय प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्रायटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच नोंदवले होते. एक्स-रे चाळीस वर्षांनी आला, तेव्हा दोष हाडात असल्याचे कळले. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडाला मात्र झीज भरून काढायला उसंत लागते. ती न देता मार बसत राहिला की हाड तडकते.

टाचेचे नेहमीचे दुखणे वेगळे. त्यात सकाळचे पहिले पाऊल टाकताना कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. तड्याची कळ धावेल तशी वाढते आणि हाडावर एका ठरावीक जागी बोट दाबले की नेमकी तिथेच जाणवते. गोम अशी, की पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे अनेकदा साफ येतो. ‘फोटोत काही नाही, पळ’ हा सल्ला तिथेच घात करतो. धावणे लगेच थांबवले तर असा तडा साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरतो. अंगावर काढला तर हाड पुरते मोडू शकते आणि ती भरती हातची जाते.

म्हणून दोष एकट्या पोराचा नाही. दुखणे लपवणाऱ्याला जिद्दी म्हणणाऱ्या आणि फी घेऊन पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकाच वेगाने पळवणाऱ्या अकादम्यांनाही जाब विचारला पाहिजे. शेजारी मातीचे मैदान असताना डांबरावर सराव कशासाठी? मुलींच्या बाबतीत आणखी एक. अपुरे खाऊन जास्त पळणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागली, तर तिची हाडेही कमकुवत होत असतात. हे विचारायला प्रशिक्षक संकोचतात आणि मुलगी आपणहून सांगत नाही.