हळदीचा दावा आणि शास्त्राचे विद्यार्थी

बारावी शास्त्र झाली की डॉक्टर नाहीतर इंजिनीअर. तिसरी वाट घरात सहसा कुणी सुचवत नाही. या अंकात आम्ही ती सुचवतो आहोत : पेटंटची.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्याला हसू येईल. पण आजीबाईचा बटवा पेटंट कार्यालयात पुरावा ठरत नाही, तिथे छापील कागदच लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सीएसआयआर’ या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने जुने ग्रंथ धुंडाळले, १९५३चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही पुढे केला. १९९७मध्ये पेटंट रद्द झाले.

नव्या औषधाला किंवा उपकरणाला २० वर्षांचे संरक्षण मिळवून देतानाही काम हेच. हे आधी कुणी केले आहे का ते शोधायचे, आणि नवे नेमके काय ते दाव्यात शब्द तोलूनमापून लिहायचे. शास्त्र कळणारा आणि भाषेवर हुकमत असणारा माणूसच इथे टिकतो (असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात दोन-चार तरी असतातच). हे काम करणाऱ्या पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी चालते, वकिलीची लागत नाही.

शिक्षकांनो, हा अंक दहावी-बारावीच्या वर्गात जरूर फिरवा.